ओहोटीच्या रेषा

केयोनच्या धक्क्यामागे माझं पत्र्याचं वर्कशॉप.
मी शाफ्ट घासते, बेअरिंगं बसवते,
आणि फळीवर मोडकं ठेवते मांडून:
भोक पडलेला पिस्टन, चमच्यासारखा वाकलेला व्हॉल्व्ह,
आणि शिंपल्यांच्या लोणच्याच्या जुन्या बरणीत
अर्धा बोल्ट,
माझ्या करंगळीएवढा.

कुठला हा, विचारतात लोक.
'रोसा एस्तेर'चा, म्हणते मी.
मग कुणी टोपी काढतं, कुणी भावाचा विषय काढतं,
या आठवड्यात खेकडा काय दरानं गेला वगैरे.

लोकांना वाटतं, इंजिन फुटताना मोठा आवाज होतो.
होतोच. पण त्याआधी एक ठोका चुकतो.
बेलार्मिनो चिगुआयनं तो ऐकला असणार.
सव्वीस वर्षं त्या खोलीत काढून कान गेले होते त्याचे,
तळपायांनी ऐकायचा.
थंडीतही मोजे काढून फळीवर उभा राही
आणि सांगे, तिसरा सिलिंडर आज रुसलाय.

कोर्कोवादोचं आखात, पहाटेचे चार.
मिनिटाला अठराशे फेरे.
बोल्ट तुटला, आणि ज्या दांड्याला
जन्मभर फक्त वर आणि खाली एवढंच ठाऊक,
त्याला एकाएकी दाही दिशा मोकळ्या झाल्या.
क्रँकनं त्याला खालून लाथ घातली.
त्यानं ओतीव लोखंडाला
खिडकी पाडली.

खिडकीच म्हणतो आम्ही. थट्टेत म्हणतो.
तिच्यातून तेलाचं धुकं आलं, पांढरं, कढत.
धुक्याला इथं कोण घाबरतं?
आमची पोरं धुक्यातच चालायला शिकतात.
पण हे एक्झॉस्टच्या तापल्या नळीपर्यंत गेलं.

पुढचं ओनोफ्रेनं सांगितलं, सतरा वर्षांचा होता तेव्हा,
शिडीवर, हातात मातेचा पेला.
त्याला कुणीतरी ढुंगणाला धरून वर ढकललं
आणि डिझेलचा कॉक बंद करायला
ते कुणीतरी परत खाली गेलं.
मग सहा तास होडी लाटांना आडवी,
इंजिनाविना, एखाद्या दारासारखी तरंगत.

कास्त्रोच्या इस्पितळात नवव्या दिवशी
बेलार्मिनोनं मला विचारलं, तिसराच ना?
हो, म्हटलं.
पट्ट्यांच्या आत तो हसला बहुतेक. बरोबर आला होता ना त्याचा अंदाज.
त्या रात्री तो गेला.

आता बोल्टाचं ते तोंड बघा.
अर्ध्याहून जास्त गुळगुळीत, आणि त्यावर रेषा,
ओहोटीचं पाणी मागे हटताना वाळूवर सोडतं तशा,
एकीमागे एक, कमानदार.
प्रत्येक रेषा म्हणजे चीर थोडी पुढे सरकली.
कित्येक आठवडे तुटत होता तो,
काम करत करत, कुणाला न सांगता.
उरलेलं खरखरीत, साखरेसारखं चमकणारं,
ते मात्र एका क्षणात गेलं.

हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात.
नवा संच पुएर्तो मोंतहून यायला अठरा दिवस,
आणि हंगाम तोंडावर.
मीच ते रॉकेलात धुतले, फडक्यानं पुसले.
दिवा होता. लावला नाही.
चालून जाईल, म्हटलं.

हे बेलार्मिनोला सांगितलं नाही.
ओनोफ्रेलाही नाही.

काल तो आला. आता स्वतःची होडी आहे त्याची,
कर्ज आहे, मुलगी आहे.
वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा बोल्ट माझ्यापुढे ठेवून म्हणाला,
अजून एक हंगाम काढतील का?
मी एक नवा घेतला, त्याच्या जुन्याशेजारी उभा केला.
जुना केसभर लांब होता.
ताणून ताणून होतात तसे.

मला तर सारखेच दिसतात, म्हणाला.

दिवा जवळ घे, म्हटलं.